पुस्तक कुठवर आलं?

मूर्तिजापूरच्या आमच्या शाखेत मला रोज तीन प्रश्न विचारले जातात. पहिला, "पासबुक कवा छापून भेटन जी?" दुसरा, "लिंक आली का?" आणि तिसरा, "तुमचं पुस्तक कुठवर आलं?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्या हातात नसतात, म्हणून ती मी ताठ मानेनं देतो. तिसऱ्याचं उत्तर सर्वस्वी माझ्या हातात आहे. म्हणून तो प्रश्न आला की मी टेबलाखाली वाकून टाचणी शोधू लागतो. गेल्या बारा-तेरा वर्षांत मी इतक्या टाचण्या शोधल्या, की शाखेत माझी ख्याती काटकसरी कारकून म्हणून झाली आहे. एका तपासणीच्या वेळी साहेबांनी तसा तोंडी शेराही मारला. लेखक म्हणून मला मिळालेला सन्मान तेवढाच.

दोष अर्थात माझाच. मी पुस्तक लिहितो आहे ही बातमी गावात मीच फोडली. पुस्तक लिहिण्यापेक्षा पुस्तक लिहितो आहे असं सांगणं फार सोपं असतं. त्याला शाई लागत नाही, बैठक लागत नाही, आणि सांगून झाल्याबरोबर निम्मं लिहून झाल्याचं समाधान मिळतं. माझं दुर्दैव असं, की उरलेलं निम्मंही मी सांगूनच संपवलं.

पुस्तक कशावर, हे सांगायला हवं. आमच्या गावावरून मुंबई-नागपूरची मोठी लाइन जाते, पण आमचा खरा जीव तिच्या कुशीतून फुटलेल्या दोन धाकट्या फाट्यांवर. एक गेला अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला, ११३ किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनीपर्यंत आणायचा आणि तिथून मुंबईमार्गे विलायतेला धाडायचा, म्हणून इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन कंपनीनं ही गाडी चालवली. कापूस मँचेस्टरला गेला आणि मोबदल्यात मँचेस्टरहून आम्हाला एक इंजिन आलं, १९२१ साली बांधलेलं. ते इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत कोळसा खात आणि पाणी पीत आमच्या सेवेत होतं. मग डिझेल आलं. आता गाडीच धावत नाही. लोक तिला लाडानं शकुंतला म्हणत. नाव ठेवणाऱ्याला पुढचं भविष्य ठाऊक असावं. शकुंतला म्हटली म्हणजे कुणीतरी तिला विसरणं आलंच.

वाफेचं इंजिन बंद झालं तेव्हा मी शाळेत होतो. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, आणि शकुंतला माझ्या डोक्यातून इतरांइतकीच गेली. ती पुन्हा आली २०१२ च्या नोव्हेंबरात, एका पेन्शनरच्या रूपानं.

नोव्हेंबर हा बँकेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. सगळे पेन्शनर येऊन, आपण जिवंत आहोत, असं लेखी देऊन जातात. त्या दिवशी माझ्यासमोर धोतर, टोपी आणि हातात काठी असे एक म्हातारबुवा बसले होते. सारे त्यांना आबाजी म्हणत. शकुंतलेवर फायरमन होते. सारा जन्म भट्टीत कोळसा टाकण्यात गेला. अंगठा उमटवून झाल्यावर ते म्हणाले, "बाबू, मी जिवंत हाये थे तुमी लिवून घेतलं. माह्या गाडीचं कोन लिवन?"

वास्तविक इथे मी "पुढचे कोण?" असं ओरडायला हवं होतं. पण त्या दिवशी लिंक गेलेली होती आणि मला वेळ होता. मी म्हणालो, "सांगा आबाजी, मी लिहितो."

हे वाक्य उच्चारायला मला दीड सेकंद लागला असेल. त्याचे हप्ते मी अजून फेडतो आहे.

पुढचा सबंध उन्हाळा आबाजी दर रविवारी सकाळी आमच्या घरी आले. मी बँकेतली दोनशे पानांची लांब वही घेऊन बसायचा आणि ते बोलायचे. कोळशाच्या फावड्यावर वांगं भाजून त्याचं भरीत कसं करायचं, ते सांगितलं. चढावर गाडीचा दम लागला की पोरं उतरून तिच्या बाजूनं कशी चालायची, ते सांगितलं. पऱ्हाटीच्या शेतातून कडेवर लेकरू घेऊन धावत येणारी बाई दिसली की ड्रायव्हर शिटी जरा लांबवायचा. तेवढ्या शिटीत बाई गाडीत चढलेली असायची. आणि एका स्टेशनावर पाणी पाजणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगितली. रेल्वेची नोकर नाही, कुणाची मिंधी नाही. उन्हाळाभर माठ भरून फलाटावर उभी राहायची आणि गाडीतल्या साऱ्यांना पाणी द्यायची. अशी किती वर्षं, तर ती मरेपर्यंत. आबाजींनी तिचं नाव मला दोनदा सांगितलं आणि वहीत लिहिलेलं दाखवायला लावलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बोट ठेवून म्हणाले, "हेच ना? हे नाव कुठंच लिवेल नाई, बाबू. रेल्वेच्या रजिस्टरात नाई, ग्रामपंचायतीत नाई. पुस्तकात टाकजा."

"टाकतो," मी म्हणालो. आणि जून लागला.

जूननंतर काय झालं, हे ज्यानं ज्यानं आयुष्यात काही लिहायला घेतलं त्याला सांगायला नको. प्रथम मी सामान आणलं. शाईचं पेन, कारण बॉलपेननं साहित्य होत नाही असं मी कुठंतरी वाचलं होतं. मग फुलस्केप कागदाचं एक रीम. मग टेबल खिडकीजवळ सरकवलं. खिडकीतून ऊन येतं म्हणून पडदा शिवला. पडद्यामुळे अंधार होतो म्हणून दिवा आणला. एवढं झाल्यावर सौ. म्हणाली, "अहो, या खर्चात एक छापील पुस्तक विकत आलं असतं."

मग मी प्रत्यक्ष लेखनास बसलो आणि पहिल्याच बैठकीत अर्पणपत्रिका लिहिली. दुसऱ्या बैठकीत ऋणनिर्देश. तिसऱ्या बैठकीत, पुरस्कार मिळाल्यास करावयाच्या भाषणाचे मुद्दे. पहिलं प्रकरण मी सात वेळा लिहिलं. सातही वेळा गाडी मूर्तिजापूरच्या फलाटावर उभी होती. वाफ धरलेली, हिरवं निशाण दाखवलेलं, आणि हलायचं नाव नाही. प्रत्येक वेळी मला वाटे, सुरुवात अजून जमली नाही. सुरुवात जमली की गाडी आपोआप सुटेल.

मग कारणं आली. कारकुनाला कारणांचा कधी तुटवडा पडत नाही. मार्चमध्ये वर्षअखेर. एप्रिल-मे लग्नसराई. जूनमध्ये पीककर्जाची गर्दी. सप्टेंबरात गणपती, मग दिवाळी, मग हयातीचे दाखले. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटबंदी आली आणि पुढचे दोन महिने मला स्वप्नातही नोटा मोजाव्या लागल्या. अशा हातांनी साहित्य कुठलं होणार? २०२० साली साऱ्या जगाला घरबसल्या वेळ मिळाला. लोकांनी त्यात कविता केल्या, पाव भाजले, दाढ्या वाढवल्या. पण बँक अत्यावश्यक सेवेत, म्हणून मी तोंडाला फडकं बांधून कामावर. त्या काळात मला नियतीचा फार राग आला. पण खरं सांगायचं तर आतून थोडं हायसंही वाटलं. वेळ मिळाला असता आणि तरीही पुस्तक झालं नसतं, तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. कारण पुरवल्याबद्दल मी मनातल्या मनात बँकेचे आभार मानले.

या काळात मी चिकाटी या विषयावर बरंच चिंतन केलं. पुस्तक सोडून दुसऱ्या कशावरही चिंतन करायला माझी तयारी असे. आमच्या रोखपालांचं मत असं, की लिहायला स्फूर्ती यावी लागते; ती आली नाही तर जबरदस्ती करू नये. शेजारच्या मास्तरांचं मत, चिकाटी ही जन्मजात असते. ती काहींच्या पत्रिकेत असते, काहींच्या नसते. ही दोन्ही मतं मला फार पटली, कारण दोन्हींत माझ्याकडे काही काम येत नव्हतं. घरी येऊन मी ती सौ.ला ऐकवली. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अठरा वर्षं झाली, मला पोळ्या करायची स्फूर्ती एकदाही आली नाही. तुम्ही रोज जेवताच ना?"

यावर मी एक पोळी जास्त खाल्ली आणि विषय तत्त्वज्ञानाकडे वळवला. माझा युक्तिवाद असा होता, आणि वाचकांनीही तो तपासून पाहावा: हे पुस्तक माझ्याकडे कुणी मागितलेलं नाही. प्रकाशकानं आगाऊ पैसे दिलेले नाहीत. जगात पुस्तकं कमी नाहीत. असलेली वाचून होत नाहीत. तेव्हा ते अपुरं राहिलं तर नुकसान कुणाचं? कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की आम्ही ते कर्ज अनुत्पादक ठरवतो, कारण त्यात दुसऱ्याचा पैसा असतो. माझ्या वहीत माझाच वेळ, माझीच शाई. स्वतःच्या घरात स्वतःचा दिवा विझवला तर चोरी कुणाची झाली? म्हणजे अपुरं पुस्तक हे फार तर आळसाचं उदाहरण होईल, पाप नव्हे. गीता तर फळाचीही आशा धरू नका म्हणते. मी त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन कर्माचीही धरली नव्हती.

हा युक्तिवाद माझ्यापुरता बिनतोड होता. तो तुटला २०२४ च्या पावसाळ्यात, एका सोमवारी, साडेअकराच्या सुमारास.

आबाजी गेले होते. त्यांच्या पत्नीच्या नावे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायचं होतं, म्हणून नात आजीला घेऊन बँकेत आली होती. नात कॉलेजात शिकणारी, कागदपत्रं नीट लावून आणलेली. मृत्यूचा दाखला, पासबुक, फोटो, सारं बघून झालं. मी म्हटलं, "झालं बेटा. आणखी काही?"

ती जरा घुटमळली. म्हणाली, "काका, आबाजी म्हणायचे, बँकेतल्या बाबूजवळ माही एक ठेव हाये. ती कशी मिळते?"

माझ्या छातीत धस्स झालं. बँकेतल्या माणसाला या वाक्याचा अर्थ एकच कळतो. मी घाईघाईनं संगणकावर पाहिलं. मुदत ठेव नव्हती. लॉकर नव्हता. आजूबाजूचे सहकारी कान टवकारून बघू लागले. रोखपालांनी तर चष्मा काढून पुसला. मी घसा साफ करून म्हणालो, "बेटा, त्यांच्या नावावर असं काही दिसत नाही. पावती आहे का?"

"पावती नाई," ती म्हणाली. "वही हाये म्हणायचे. लांब वही. तिच्यात त्या पाणीवाल्या बाईचं नाव लिवेल हाये."

शाखेत एकदम शांतता झाली, किंवा मला तशी वाटली. टेबलाखाली वाकून टाचणी शोधावी असं फार वाटलं. पण आजी माझ्याकडे बघत होत्या आणि वाकता येईना. त्या म्हणाल्या, "लय सांगे तुमचं. मने, बाबू लिवून रायला. घाई नाई करत, नीट लिवून रायला."

बारा वर्षांच्या आळसाला इतकं सभ्य नाव माझ्या आईनंही दिलं नसतं.

त्या रात्री मी वही काढली. तिला वाळवी लागली नव्हती, एवढीच देवाची कृपा. वाचता वाचता एक साधी गोष्ट ध्यानात आली, जी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळायला हवी होती. मी सारी वर्षं ही वही माझी मालमत्ता म्हणून धरून चाललो होतो. माझं पुस्तक, माझी स्फूर्ती, माझी मर्जी. पण खतावणीत ती मालमत्तेच्या बाजूला बसतच नाही. ती देण्याच्या बाजूला बसते. ती ठेव आहे. शिटी लांबवणारा ड्रायव्हर, फावड्यावरचं वांगं, पाण्याचा माठ, यांतलं काहीच माझं नव्हतं. एका माणसानं ते माझ्यावर विश्वास ठेवून माझ्याकडे जमा केलं आणि पावतीही मागितली नाही. बँकेत दोन वर्षं खात्याला कुणी हात लावला नाही तर ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं लावला नाही तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. हा निधी २०१४ पासून आहे. पण तिथंही ठेवीदाराचा हक्क बुडत नाही. वारस आला की पैसे द्यावेच लागतात. बँकेच्या पैशांना जो नियम आहे, तो माणसाच्या आठवणींना नसावा काय? वारस तर माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती.

योगायोग असा, की पुढच्याच रविवारी एका लग्नासाठी मोर्शीकडे जायचं होतं. वाटेत रिद्धपूर लागतं म्हणून उतरलो. रिद्धपूर म्हणजे महानुभावांची काशी. मी तिथे नमस्कार करायला गेलो आणि लाज घेऊन परत आलो. कारण माझ्या खटल्याचा निकाल तिथे साडेसातशे वर्षांपूर्वीच लागलेला होता. मग वाचनालयातून पुस्तकं आणून मी तो सारा नीट वाचला.

चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांची शिष्यमंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या आश्रयाला जमली. त्यांत नागदेवाचार्य होते आणि म्हाइंभट नावाचे एक गाढे पंडित होते. परंपरा सांगते, की नागदेवाचार्य एकटे बसून काहीतरी आठवत असत. म्हाइंभटांनी विचारलं, काय आठवता? ते म्हणाले, स्वामींच्या लीळा. म्हाइंभटांच्या लक्षात आलं, की ही माणसं आहेत तोवर या आठवणी आहेत. माणसं गेली की आठवणीही जातील. मग ते माणसं शोधत निघाले. ज्या प्रसंगी जो हजर होता त्याला गाठायचं, त्याचं ऐकायचं, लिहायचं, आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. दोघांच्या आठवणींत फरक पडला तर तो फरकही नोंदवून ठेवायचा. आमच्या बँकेत याला ताळमेळ म्हणतात आणि त्यासाठी वेगळा भत्ता मागतात. अशा रीतीनं एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध मिळून लीळाचरित्र पूर्ण झालं. ही गोष्ट इ. स. १२८० च्या आसपासची. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ असा आमच्या वऱ्हाडातल्या एका खेड्यात तयार झाला.

इथवर ठीक होतं. पण खरी गोष्ट पुढे आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. साऱ्या कष्टांवर पाणी! मी असतो तर खेद व्यक्त करून मनातून सुटकेचा निःश्वास टाकला असता. इतकं भक्कम कारण मला नोटबंदीनंसुद्धा दिलं नव्हतं. पण त्या मंडळींनी काय केलं, तर ज्याला जे पाठ होतं ते एकत्र केलं आणि ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यांत हिराइसा नावाच्या एक बाई होत्या. त्यांच्या स्मरणातला पाठ आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो. पुढे पंथानं हे ग्रंथ सांकेतिक लिपीत जपले, ते काही शतकं. आणि पोथ्यांवर पोथ्या ताडून लीळाचरित्राची जाडजूड आवृत्ती सिद्ध केली ती वि. भि. कोलते यांनी, १९७८ साली. कोलते आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले, जन्म १९०८. म्हणजे वयाच्या सत्तरीत. मी मात्र चाळिशीत चष्म्याचा नंबर वाढला म्हणून लेखन थांबवलं होतं!

आता यांतल्या कुणाच्या पत्रिकेत चिकाटी होती आणि कुणाला स्फूर्ती येत होती, ते मला माहीत नाही. मला एवढं दिसतं, की यांतल्या एकाचीही ती स्वतःची गोष्ट नव्हती. म्हाइंभटांनी ती दुसऱ्यांकडून घेतली होती, हिराइसांनी म्हाइंभटांच्या ग्रंथातून, कोलत्यांनी पोथ्या जपणाऱ्यांकडून. प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याची ठेव होती आणि पुढे कुणीतरी ती मागायला येणार होतं. स्वतःची गोष्ट माणूस केव्हाही सोडून देतो. तिचा मालक तोच असतो, माफीही तोच देतो. दुसऱ्याची ठेव टाकून देणं तितकं सोपं नसतं.

एखादा म्हणेल, ती धर्माची गोष्ट. श्रद्धेपुढे काय अवघड? तर मग लहानपणी अमरावतीला शिकलेल्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचं उदाहरण घ्या. एकट्या माणसानं मराठीत ज्ञानकोश काढायचा घाट घातला. दुसरा कुणी असता तर पडदा शिवत बसला असता. केतकरांनी काय करावं? चक्क ज्ञानकोश मंडळ लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले. १९२० साली पहिला खंड निघाला आणि एकामागून एक असे २३ खंड झाले. १९२७ साली त्यांनी या साऱ्या खटाटोपाचा इतिहास लिहिला. त्याच्या नावातच 'बारा वर्षांचे काम' असे शब्द आहेत. बारा वर्षं त्यांचीही आणि बारा वर्षं माझीही. पण जमाखर्चात केवढा फरक! बी.कॉम. म्हणून मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा त्यांची युक्ती जास्त थोर वाटते. भागधारक आणि वर्गणीदार दारात उभे असले की स्फूर्तीची वाट बघता येत नाही. आपल्या इच्छाशक्तीवर भरवसा नसेल तर माणसानं धनको करून ठेवावेत. मी मात्र बारा वर्षं धनको चुकवत आलो आणि त्यालाच कलावंताचं स्वातंत्र्य म्हणत आलो.

हे सारं कळलं म्हणून पुस्तक झालं, असं मात्र समजू नये. कळणं आणि होणं यांच्यामध्ये आमच्याकडे बराच रूळ पडलेला असतो. पण दोन गोष्टी मी बदलल्या. पहिली आमच्या रोखपालांकडे बघून सुचली. ते रोज संध्याकाळी रोख जुळल्याशिवाय उठत नाहीत. दहा रुपयांचा फरक असला तरी गड्डी पुन्हा सोडतात. पण कुठल्याही बँकेनं कुठल्याही रोखपालाला, साऱ्या जन्माची रोख आजच जुळव, असं सांगितलेलं नाही. मी मात्र रोज सबंध पुस्तक जुळवायला बसत होतो आणि ते जुळत नाही म्हणून उठत होतो. आता रात्री जेवण झालं की एक पान. ते जुळलं की वही बंद. पडदा काढून टाकला. त्याची सौ.नं पिशवी शिवली.

दुसरी गोष्ट सुरुवातीबद्दलची. ती अजून जमत नाही म्हणून मी सात वेळा थांबलो होतो. आमच्या गावातल्या गोरक्षणावरून मी वर्षानुवर्षं जातो-येतो. ते गाडगेबाबांचं. बाबा अक्षरशत्रू, पण हातातला खराटा सुटला नाही. गावोगाव जायचं, दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं. १९५६ साली गेले तोवर हेच. आता झाडलेलं गाव दुसऱ्या दिवशी पुन्हा घाण होणार हे काय बाबांना कळत नव्हतं? पण म्हणून, आधी कायमचा स्वच्छ राहील असा रस्ता दाखवा, मग खराटा उचलतो, असं काही ते म्हणाले नाहीत. माझं पहिलं प्रकरण आहे तसंच राहू द्यावं, ओबडधोबड, आणि पुढे सरकावं, हे मला त्या भिंतीकडे बघून सुचलं. आठव्यांदा लिहिलं नाही. गाडी सुटली.

माझ्याकडे आता दोन वर्गणीदार आहेत. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आजी नातीला घेऊन पेन्शन काढायला येतात. मी महिनाभराची पानं पाकिटात घालून ठेवलेली असतात. नात ती घरी मोठ्यानं वाचते, कारण आजींना ऐकू कमी येतं. शेजारपाजारचेही ऐकतात म्हणे. पुढच्या महिन्यात चुका परत येतात. "आबाजी भरताला तेल नाई घालत होते, काका." "त्या चढावर पोरं नाई, बाप्येही उतरायचे." मी निमूटपणे दुरुस्त करतो. नागदेवाचार्यांच्या जागी आजी आहेत, आणि म्हाइंभटांची जागा भरायला बँकेनं कारकून दिला आहे. काळ वाईट आला आहे, दुसरं काय!

प्रकरणांना मी स्टेशनांची नावं दिली आहेत. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. परवा आजींनी काउंटरवर दोन्ही हात टेकून विचारलं, "बाबू, कुठवर आलं?"

"कारंजा सुटलं, आजी," मी म्हणालो. "दारव्ह्याच्या अलीकडे आहे."

"अन् थे पाणीवाली?"

"तिचं नाव आलं. पूर्ण नाव. मोठ्या अक्षरात."

हे नाव मी इथे सांगत नाही. ते पुस्तकातच यायला हवं; ज्यानं ते सोपवलं त्यानं तशी अट घातली होती.

आजींनी मान हलवली. नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या. जाता जाता म्हणाल्या, "नोव्हेंबरात मले हयातीचा दाखला द्या लागते. तवरोक यवतमाळ येऊ द्या. मंग दोघीचे दाखले संगंच देऊ."

मागे रांगेतला एक माणूस ओरडला, "लिंक आली का?" मी ताठ मानेनं सांगितलं, नाही. आणि त्या दिवशी टेबलाखाली खरोखरीच एक टाचणी पडलेली होती, तीही उचलली नाही.